वहीतले 86 अभंग आणि अण्णांच्या चाली

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, 2023 च्या कार्तिकात गेले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख 1 जून 1932 आहे. त्या काळच्या मास्तरांनी निम्म्या गावाला हीच तारीख वाटली होती, त्यामुळे ती धरायची तर ते 91 वर्षांचे होते. शेवटच्या दिवशीही सकाळी त्यांनी कपाळाला बुक्का लावून घेतला. दुपारी गेले.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर थोरले काका म्हणाले, "फोटो लावू, पुण्यतिथीला कीर्तन ठेवू, पण अण्णांच्या चाली कुठायत?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. साठ वर्षं गावच्या भजनाला चाल अण्णांनी दिली. सप्ताहात, दिंडीत, एकादशीच्या जागरात पहिला सूर त्यांचा असायचा. आणि आम्हा पोरानातवंडांत एकालाही त्यांची एक चाल धड पूर्ण म्हणता येत नव्हती. तिथून पुढे वर्षभर आम्ही जे केलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. घरोघरी असे अण्णा आहेत, आणि आमच्याकडून झालेल्या चुका दुसऱ्या कुणी करू नयेत असं मला मनापासून वाटतं.

माणूस

आमचं गाव फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेपासून कोसभर आत. जमीन कोरडवाहू. बाजरी, ज्वारी, एक विहीर, ती मार्चात तळ दाखवणार. अण्णांना पाच मुलं. थोरले काका मस्जिद बंदरला माथाडी होते, माझे वडील शाळेत शिक्षक, बाकीचे शेतीत आणि सासरी. अण्णांची शाळा चौथीपर्यंत. अक्षर मात्र मोत्यासारखं.

माळ त्यांनी बारा-तेराव्या वर्षी घातली. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आमच्या या कामाचा निकाल शेवटी तिच्यावरच ठरला.

1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं. 1 मे ते 10 मे. अण्णा तेव्हा पंधराव्या वर्षात. आमच्या दिंडीतल्या वडीलधाऱ्यांत त्यावरून उभी फूट पडली होती, आणि अण्णांचे वडील विरोधातल्या बाजूला होते. ही गोष्ट अण्णांनी कधी लपवली नाही. "माझ्या बापाची चूक होती," एवढंच म्हणायचे. पंढरपूरचं दार उघडलं, पण आमच्या गावच्या देवळात भजनाला बसण्याची जागा पुढे पंचवीस वर्षं वाटून दिलेलीच राहिली.

मग 1972 चा दुष्काळ आला. आख्खं गाव एका खडीच्या कामावर. मिलोची भाकरी, सुकडी, आणि हाताला फोड. संध्याकाळी कामावरच भजन व्हायचं. तिथे कुठलं देऊळ आणि कुठली ओसरी? जो बसेल तो टाळकरी. पुढच्या वर्षीच्या सप्ताहात अण्णांनी पहाऱ्याची यादी लिहिली तेव्हा तिच्यात बौद्धवाड्यातली दोन आणि मातंगवस्तीतली तीन नावं होती.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांच्या पहाऱ्याने ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. त्यामुळे पहाऱ्याच्या यादीत नाव आलं की गावाला त्या माणसाच्या पाया पडावं लागतं. ती यादी वाचून दोन घरांनी त्या वर्षीची सप्ताहाची वर्गणी दिली नाही. अण्णांनी एक खोंड विकून खर्च भागवला. यादी बदलली नाही.

हाती काय होतं

तीन गोष्टी होत्या. पहिली, लाल कापडी पुठ्ठ्याची खातेवही. तिच्यात शाईने लिहिलेले 86 अभंग आणि गौळणी. दुसरी, सात कॅसेट. थोरल्या काकांनी मुंबईहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आणला होता, त्यावर 1987 ते 1994 या काळातल्या सप्ताहांत भरलेल्या. पाच साठ मिनिटांच्या, दोन नव्वदच्या. तिसरी, माझ्या मोबाइलमधली चार मिनिटांची चित्रफीत. ती 2020 ची. त्या वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. अण्णा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. रोज सकाळी वीणा गळ्यात घालून ते अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि आज पालखी कुठे असती ते मोजायचे. आज दिवे घाट. आज जेजुरी. आज नीरा स्नान, म्हणजे माउली आपल्या जिल्ह्यात आली. लोणंदच्या दिवशी मी मोबाइल धरला. चार मिनिटांनंतर मला कामाचा फोन आला म्हणून ते चित्रण तुटलं. तो फोन कशाचा होता ते आज मला आठवतसुद्धा नाही.

वही पाहून आधी आम्हाला हायसं वाटलं होतं. पण वहीत होते ते शब्द, आणि ते गाथेत मिळतातच. अण्णांचं जे होतं ते शब्दांवर नव्हतं. त्यांना सरगम लिहिता येत नव्हती. त्यांनी काय केलं होतं, तर प्रत्येक अभंगाशेजारी समासात एक खूण लिहिली होती. "लोणंद." "बरड." "आबांची." "पावसातली." "तीच, पण संथ." ज्याला चाल येते त्याला ही खूण पुरेशी. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते एका गावाचं नाव, बस.

नऊ अभंगांपुढे लिहिलं होतं, "जाते". आम्ही त्याचा अर्थ लावला की वारीला जातेवेळी म्हणायचे. वहीची यादी करताना मी तसं टंकूनही ठेवलं.

कॅसेटचं काम

इथे आमच्याकडून मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली कॅसेट आम्ही शहरातल्या एका दुकानात दिली. आठ दिवसांनी त्यांनी पेन ड्राइव्ह दिला. ऐकलं, तर आवाज स्वच्छ, पण भजनच नाही. खरखर काढण्यासाठी त्यांनी जो उपाय केला होता, त्यात टाळांची किणकिण निघून गेली होती. टाळाचा नाद आणि फितीची खरखर दोन्ही वरच्याच स्वरात असतात. यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. शिवाय दोन अभंगांच्या मधलं बोलणं "रिकामं" म्हणून कापून टाकलं होतं. दुकानदाराने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही, आम्ही काय हवं ते सांगितलंच नव्हतं. मूळ कॅसेट परत मिळाली हे नशीब.

उरलेल्या आम्ही घरी केल्या. जुना, चालू स्थितीतला डेक मिळवला, त्याचं हेड स्पिरिटने पुसलं. दोन कॅसेटच्या आतली नमद्याची बारीक गादी निखळली होती. फीत हेडवर दाबून धरते ती ही गादी, ती नसेल तर आवाज येतो-जातो. दुसऱ्या निकामी कॅसेटची गादी काढून चिमट्याने बसवली. फिरवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळली, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. संगणकात घेताना डब्ल्यूएव्ही स्वरूपातच घेतलं. तासाला साधारण 600 एमबी जागा लागते, पण एकदाच करायचं काम आहे, त्यात काटकसर कशाला. खरखर तशीच ठेवली. तिच्यामागे टाळ होते.

सातांतली एक कॅसेट हातची गेलीच होती. सप्ताहावर कुणीतरी धाकट्या काकांच्या लग्नातला बँड भरून ठेवला होता.

मग एक वेगळाच पेच आला. एका कॅसेटमध्ये अण्णांचा आवाज चढा लागत होता, बोलणंही भराभर. माझे वडील म्हणाले, तरुणपणी अण्णा काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात गायचे, असेल. आत्या म्हणाली, नाही, हा त्यांचा आवाजच नाही. दोघंही ठाम. शेवटी देवळातली पेटी कामाला आली. पेटी तीच आहे, 1987 ची, भात्याला ठिगळं पडली तरी सूर बदललेले नाहीत. कॅसेटवर भजन सुरू होण्याआधी पेटीवाले एक सूर धरून ठेवतात, आणि त्यांच्या पेटीची एक पट्टी जरा घोगरी आहे. ती घोगरी पट्टी काळी चारची. कॅसेटवर घोगरेपणा तोच, पण सूर बरोबर अर्धा स्वर वर. म्हणजे भरताना टू-इन-वन हळू फिरत होता. बहुतेक सेल उतरले असतील. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात सुमारे 6 टक्क्यांचा फरक. तेवढा वेग कमी केला आणि अण्णा बोलले.

खरंच सांगतो, खोलीत कुणी हललं नाही. वेग कमी केल्यावर पहिलं जे ऐकू आलं ते गाणं नव्हतंच. दोन अभंगांच्या मध्ये कुणाला तरी अण्णा सांगतायत, "दार लोटा रे, तिला गार लागतंय." ती म्हणजे आमची आजी. त्या वर्षी ती हिवतापातून उठली होती आणि देवळात खांबाला टेकून बसायची, असं आत्याने सांगितलं. मला अण्णा आजीशी दोन वाक्यं बोललेले आठवत नाहीत. त्या पिढीत चारचौघांत नवरा-बायको बोलायचेच नाहीत. पण चाल अर्ध्यात थांबवून हा माणूस दाराकडे बघत होता.

सहा कॅसेटमधून 31 अभंगांच्या चाली मिळाल्या.

माणसांकडच्या चाली

उरल्या 55. त्यांतल्या काही तरी आमच्याच घरात सापडतील असं वाटलं होतं. काकांना तीन-चार ओळी यायच्या, वडिलांना ठेका आठवायचा, चाल नाही. आम्ही घरचे लोक भजनात मागे बसणारे. चहाचं बघणारे, सतरंज्या घालणारे. अण्णा समोर आहेत म्हणजे ते उद्याही असतील, हीच आमची समजूत.

चाली सापडल्या त्या पहाऱ्याच्या यादीतल्या लोकांकडे. 1973 च्या यादीतल्या त्या पाच जणांपैकी दोघं आज हयात आहेत. एकाचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी त्यांना बाबा म्हणतो. त्यांचा पहारा रात्री दोन ते चार असायचा. त्या वेळी देवळात दोन-तीनच माणसं, बाकी सगळे पेंगलेले. अण्णांचा पहारा बारा ते दोन. वीणा दिल्यावर ते घरी जायचे नाहीत. बाबांच्या शेजारी बसून हळू आवाजात एकेक चाल बांधायची, बाबांनी ती परत म्हणायची, असं पहाटेच्या काकड्यापर्यंत. वर्षातून सात रात्री. चाळीसेक वर्षं.

बाबांना वही वाचता येत नाही. मी नुसती खूण सांगायचो, "बरड." ते डोळे मिटायचे, उजव्या हाताची तर्जनी हवेत हलायची. अण्णांच्या त्याच बोटाला वीणेच्या तारांनी घट्टा पडला होता, उभी खाच असलेला. बाबांच्या बोटालाही तशीच खाच आहे, तीच जागा, तोच कोन. मग पहिला शब्द यायचा आणि मागून पूर्ण अभंग. मध्येच थांबून सांगायचे, "बरडला त्या साली पाऊस लई. पाय उचलत नव्हता चिखलात, म्हणून ही चाल अशी ओढत बांधली. कोरड्या वाटेवर म्हणू नका." पायी चालताना पावलावर चाल बांधतात, हे मला ऐकून माहीत होतं. चाल ऐकून चिखल कळतो, हे तेव्हा कळलं.

बाबा आणि दिंडीतले इतर तीन टाळकरी यांच्याकडून मिळून 24 चाली मिळाल्या. एकाच अभंगाची चाल दोघांनी वेगळी म्हटली असं पाच वेळा झालं. आम्ही कुठलीच खरी ठरवली नाही, दोन्ही ठेवल्या. जाणत्यांनी चर्चा करून एक ठरवावी असं एका परिचिताने सुचवलं, ते मला पटलं नाही. अण्णांनी स्वतःच एक चाल दोन माणसांना त्यांच्या गळ्याप्रमाणे दोन तऱ्हेने दिली असणार.

"जाते"

ते नऊ अभंग मात्र कुणालाच येईनात. बाबा म्हणाले, "ह्या वारीतल्या नाहीत. ह्या मी ऐकल्या, पण मला दिल्या नाहीत."

आत्या दिवाळीला माहेरी आली. मी यादी वाचत होतो. "जातेवेळी म्हणायचे" हे ऐकून तिने वही ओढून घेतली, चष्मा लावला, आणि हसायला लागली. "अरे वेड्या, जाते म्हणजे जातं. दळायचं जातं. अण्णा जुन्या पद्धतीचं लिहायचे."

गावात पिठाची गिरणी येण्याआधी आजी पहाटे तीनला उठून दळायला बसायची. तिच्या ओव्या तिच्या आईकडून आलेल्या. अण्णा पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे. त्या ओव्यांच्या चालीवर त्यांनी नऊ अभंग बसवले. आत्या लहानपणी आजीच्या मांडीशी झोपायची, म्हणून तिला दोन्ही येतात, ओवी पण आणि अभंग पण. तिने लगेच म्हणून दाखवलं. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चारच. तिथे जी जागा उरते, त्या जागेत तिचा हात गोल फिरायचा. समोर जातं नव्हतं, पण फेरा पूर्ण झाल्याशिवाय ती पुढचा चरण उचलत नव्हती.

महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. हे मी वाचलं होतं. आमच्या घरातलं जातं परसात उलटं पडलंय आणि त्यावर आम्ही तुळशीची कुंडी ठेवलीय, हेही रोज बघत होतो. दोन्ही गोष्टी डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

इथे अण्णांबद्दल एक गोष्ट लिहायला हवी, त्यांच्यावर माझा जीव आहे तरीही. या नऊ चाली गावभर अण्णांच्या म्हणून गाजल्या. त्या आजीच्या आहेत, असं त्यांनी उभ्या जन्मात चारचौघांत सांगितलं नाही. आजी 2004 मध्ये गेली. ती देवळात खांबाला टेकून आपलीच चाल ऐकत बसायची आणि लोक अण्णांना वाहवा द्यायचे. ज्या माणसाने पहाऱ्याची यादी बदलली, त्याने हे करायला हवं होतं. मी हे म्हटल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईला कळत होतं. ती चाल सुरू झाली की पदर सारखा करायची. आणि अण्णांनी लिहिलंय की वहीत. नऊ वेळा लिहिलंय." आम्ही आता नोंदीत त्या नऊ चालींपुढे आजीचं नाव लावलं आहे.

वर्षश्राद्धापर्यंत

2024 च्या कार्तिकात पहिलं वर्ष झालं तेव्हा हिशेब असा होता: कॅसेटमधून 31, टाळकऱ्यांकडून 24, आत्याकडून 9. एकूण 64. उरलेल्या 22 अभंगांपुढे आम्ही अण्णांची खूण तशीच ठेवली आणि चालीची जागा मोकळी सोडली. तिथे नवी चाल बसवावी असं भावकीतून दोघा-तिघांनी सुचवलं. भजनी मंडळाने नवी चाल जरूर बांधावी, पण ती अण्णांच्या वहीत घालू नये.

सगळ्याच्या तीन प्रती केल्या. एक काकांकडे, एक माझ्याकडे पुण्यात, एक देवळाच्या कपाटात. प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला कोण म्हणतंय, कुठे, कुठल्या वर्षी आणि चाल कुणाकडून आली हे बोलून नोंदवलं. लिहिलेली चिठ्ठी हरवते, पण फितीतच बोललेलं फितीबरोबर राहतं. मधलं बोलणं कुठेही कापलेलं नाही. दार लोटायला सांगितलेलं तर नाहीच नाही.

पुण्यतिथीला कीर्तन ठेवलं नाही. रात्रभर भजन केलं. पहिली चाल बाबांनी दिली, काळी चारमध्ये, त्याच पेटीवर. पहाटे काकड्याआधी आत्या पुढे येऊन बसली. आमच्या देवळात बाई चाल सांगायला बसल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. पखवाजवाल्या पोराला तिच्या जागा आधी सापडेनात. फेरा पुरा होण्याआधीच तो समेवर यायचा. दुसऱ्या कडव्याला त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि थांबायला शिकला.

गेल्या आठवड्यात रात्री दहाला आत्याचा फोन आला. भांडी घासता घासता तिला एक चाल आठवली होती. वहीतली "पावसातली", जिचा बाबांनाही पत्ता नव्हता. "विसरायच्या आत घे," म्हणाली आणि तशीच गायला लागली. मागे नळ चालू होता. मी या वेळी दुसरा कुठलाही फोन उचलला नाही. शेवटचा चरण तिला येईना, तो सोडून बाकी पूर्ण मिळालं. नोंद केली: 65, शेवटचा चरण बाकी, आत्या, सासरच्या घरून, नळाच्या आवाजासह.